संजीवनी मॅडमले चौथी पाहिजे होती

संजीवनी मॅडमले लहान पोरायची किळस येते.

आता हे ऐकून तुम्ही लगेच तोंडावर हात ठेवसान, की अगं बाई, केजीची मॅडम अन् तिले पोरायची किळस? तं हो, येते. अकरा वर्सं झाले, रोज सकाळी ती त्या वर्गाचं कुलूप काढते अन् रोज तिच्या पोटातून एक गोळा गळ्यापर्यंत येऊन परत खाली जाते. समोर सव्वीस पोरं. म्हणजे बावन्न नाकपुड्या. त्यातल्या कोरड्या किती, ते तुम्हीच समजून घ्या.

वर्गाले एक वास हाये. पेन्सिलीचा भुसा, ओले मोजे, कालच्या डब्यात राह्यलेली आंबट भाजी, अन् कोपऱ्यातली ती हिरवी चटई, जिच्यावर दरसाल कोणी ना कोणी आपला पहिला दिवस ओला करून जाते. ती चटई धुतली तरी तशीच, वाळवली तरी तशीच. पोरं तिच्यावर लोळतात, गाल घासतात. पडलेला दात आणून मॅडमच्या तळहातावर ठेवतात, रक्तासगट. अर्धं चावलेलं बिस्कीट तोंडातून काढून "मॅडम, तुम्हाले" म्हणतात. अन् संजीवनीनं ते घ्यायचं, वर थँक्यू म्हणायचं.

पण गंमत अशी, की आख्ख्या गावात कोणाले याचा पत्ता नाही. किळस आली की ही बाई जीभ टाळूले दाबून धरते, दात मिटते अन् श्वास रोखते. असं केलं की तिच्या दोन्ही गालाले खळ्या पडतात. पाहणाऱ्याले वाटते, मॅडम हसल्या! जेवढी घाण मोठी, तेवढं हसू गोड. एकदा एका पोरीनं पोह्यांची उलटी सरळ मॅडमच्या नव्या साडीवर केली, तं मॅडम इतक्या गोड हसल्या म्हणता, की त्या पोरीच्या मायनं मेहकरच्या बाजारापर्यंत सांगत नेलं, "सख्खी माय बी असी नसन!" तेव्हापासून गावात संजीवनी मॅडम म्हणजे मायेचा सागर. त्या सागरात काय काय बुडेल हाये, ते एकट्या भिमाबाईले माहीत. भिमाबाई म्हणजे वर्गावरची आया. दिवसातून वीस येळा हात धुवायले पाणी तिलेच आणून द्यावं लागे, तिले काय लपून राहीन?

"मॅडम, तुमचे हात आता झिजतीन," भिमाबाई म्हणे. "मंग खडू कशानं धरसान?"

"तुम्ही पाणी टाका हो भिमाबाई. कोपरापर्यंत टाका."

संजीवनी मूळची मेहकरची, तालुक्याच्या शहरातली. बाप कापडाच्या दुकानात मापं काढे, घर दोन खोल्यायचं पण असं लख्ख, की माशी बसायले लाजे. तिथून ती लग्न होऊन या गावात आली. चिखली रोडवरचं गाव, हिवरा आश्रमाच्या अलीकडं. नवऱ्याचं नाव राम, स्वभाव बी रामाचाच, पण दारात दोन म्हशी. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सासूनं, मंजुळाबाईनं, टोपलं हातात देल्लं अन् म्हणे, "जाय सुनबाई, गोठा साफ कर." सुनबाई गोठ्यात गेली, खाली वाकली, अन् तिथीच आडवी झाली. डोक्यावर पाणी मारून तिले घरात आणलं तं पहिला शब्द काय बोलली? "आत्याबाई, साबण." मंजुळाबाई मनानं मोठी बाई. तिनं ओळखलं की हे काही आपल्या म्हशीचं माणूस नोये. म्हणे, "तू घरातलं पाह्य, गोठ्यातलं मी पाह्यते. पण मंग बसून नको राहू, काही शिकेल हायेस तं नोकरी पाह्य."

म्हणून संजीवनीनं नोकरी पाह्यली. शेणापासून दूर पळायले शाळेत गेली, अन् शाळेनं तिले केजी देल्ली. काय बोलावं आता!

पण यंदा तिच्या नशिबाचं दार किलकिलं झालं होतं. चौथीचे गुरुजी मे महिन्यात निवृत्त होणार होते. चौथी! तुम्हाले त्याचं काय वाटणार, पण संजीवनीले विचारा. चौथीतली पोरं आपलं नाक आपण पुसतात. संडासले जाऊन आले की नाडी बांधून द्या म्हणून समोर उभी राहत नाहीत. त्यायचे दात पडून झालेले असतात. ती पोरं गप्प बसून भागाकार करतात, कोरडा, स्वच्छ भागाकार. संजीवनी येता-जाता चौथीच्या खिडकीशी थांबे अन् आत असी पाहे, जशी लग्नाची पोरगी सोनाराच्या दुकानात पाह्यते.

हेडमास्तर किसनराव सरायनं तिले बोलावून सांगतलं होतं, "मॅडम, चौथी तुमची. फक्त यंदाचा वसंतोत्सव नीट करा. हिंमतराव भाऊ स्वतः येणार आहेत. त्यांचं मन भरलं की मी ऑर्डर काढायला मोकळा."

हिंमतराव म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. शाळा त्यायची, बस त्यायची, फाटकावरची कमान त्यायची. त्यायचा नातू सागर बी केजीतच होता, म्हणून केजीवर त्यायचा विशेष डोळा.

आता वसंत म्हटलं की लोकायले कोकिळा आठवते. संजीवनीले आठवते चिकटपणा. आंब्याच्या मोहराखाली पाच मिनिटं उभं राहा, अंगावर बारीक चिकट फवारा पडते अन् त्याच्यावर तुडतुडे येऊन बसतात. शेवग्याच्या खोडाले केसाळ अळ्यायचा गठ्ठाच्या गठ्ठा. हरभऱ्याचा घाटा सोला तं आत हिरवी अळी अंग मोडत बसेल, जशी काही तिचीच झोपमोड झाली. म्हणून तिनं वसंत असा बसवला, की त्यात ओलं काहीच नाही. पाच कोपरे केले. एका कोपऱ्यात क्रेपच्या कागदाची पळसाची फुलं. दुसऱ्यात पुठ्ठ्याच्या कैऱ्या, पोरायनं मोजायच्या. तिसऱ्यात गहू, हरभरा, तूर येगयेगळ्या वाट्यायत निवडायची. चौथ्यात मोठं-लहान, जाड-बारीक ओळखायचा तक्ता. पाचव्यात मोबाइलवर कोकिळेचा आवाज, तो ऐकून पोरायनं कुहू करायचं. सगळं कोरडं खडंग. दोन हप्ते बाई रात्रंदिवस कात्री चालवून राह्यली होती.

सगळं जमलं होतं, पण गुरुवारी किसनराव सर म्हणाले, "मॅडम, मुलांनी घरून काहीतरी आणलं पाहिजे. आता सगळीकडे अनुभवातून शिक्षण चालू आहे. भाऊंना तेच दाखवायचं."

संजीवनीनं पालकायच्या ग्रुपवर टाकलं. चांगलं विचार करून टाकलं बिचारीनं. "शनिवारी मुलांसोबत, या दिवसांत तुमच्या घरी किंवा शेतात जे असते, ते थोडेसे पाठवावे." सव्वीस अंगठे आले. अंगठे पाहून बाई निश्चिंत झोपली.

मेहकरची पोरगी ना शेवटी! लग्नाले सतरा वर्सं झाले तरी तिच्या ध्यानात आलं नाही, की पुढच्या आठवड्यात होळी हाये, अन् होळीच्या आधीच्या दिवसायत या गावातल्या एकूण एक अंगणात काय असते.

चाकोल्या असतात, बाई. शेणाच्या लहान लहान चकत्या, मध्यात भोक पाडेल. वाळल्या की सुतळीत ओवून त्यायच्या माळा करायच्या अन् होळीत टाकायच्या. हे काम मोठ्यायचं नोये, हे पोरायचं काम. फाल्गुन लागला की पोरं दिवसभर त्याच्यातच असतात. कोणाच्या किती झाल्या, कोणाच्या फुटल्या, कोणाच्या कोंबडीनं उकरल्या, गल्लीत दुसरा विषयच नसते.

शनिवारी सकाळी पोरं आली. पिवळे शर्ट, पिवळे फ्रॉक, डोक्याले तेल असं चोपडेल की ओघळ मानेवर. पहिली आली मदिहा, शकूर गादीवाल्याची पोरगी. तिनं सावरीचा कापूस आणेल होता, पांढराशुभ्र, पिशवीत बांधेल. संजीवनीचा जीव सुपाएवढा झाला. दोघातिघायनं गव्हाच्या ओंब्या आणल्या. सागरनं, अध्यक्षायच्या नातवानं, बाजारातली प्लास्टिकची सूर्यफुलं आणली. एकानं हरभऱ्याचे डहाळे आणले, ते तिनं लांबूनच चिमट्यानं उचलून ठेवले.

मंग आला हरिओम. आता या पोराचं काय सांगावं! लुकडा, काळेशार डोळे, अन् नाकातून दोन धारा, बाराही महिने. उन्हाळ्यात विहिरी आटतात पण हरिओमचं नाक आटत नाही, असं भिमाबाई म्हणे. बाप ट्रॅक्टरवर, माय वावरात, आजी आंधळी. तो आला, मॅडमपुढं डबा धरला अन् म्हणे, "मॅडम, वळखा काय हाये!"

दोन कप्प्यायचा डबा होता. एका कप्प्यात पोळीचा चुरमा. दुसऱ्यात ताजं शेण. सकाळचंच. वाफ सुद्धा गेली नव्हती.

संजीवनी हसली. असी गोड हसली म्हणता!

मागून आणखी डबे उघडले. एक, दोन, चार... अकरा डबे. कोणाचं म्हशीचं, कोणाचं गाईचं, एकीनं तं मायची कटकट नको म्हणून दप्तरातच भरून आणेल, वहीपुस्तकासगट.

"भिमाबाई!" संजीवनी दातातून बोलली. "हे काय हाये?"

भिमाबाई पदर तोंडात घालून हसून राह्यली होती. "शेण हाये, मॅडम."

"ते दिसते मले! काऊन हाये?"

"आता मॅडम, तुम्हीच तं लिहिलं. या दिवसायत घरी जे असते ते पाठवा. तं आमच्या घरी या दिवसायत हेच असते."

"फेका. सगळं फेका. नऊ वाजले, दहाले भाऊ येतीन."

पण फेकता येते कोणाले? तोवर पोरं ओसरीत जाऊन बसलीसुद्धा होती. कोणी सांगतलं नाही, कोणी ओळ लावली नाही, आपोआप गोल करून बसली. ज्यायनं आणलं नव्हतं त्यायले ज्यायनं आणलं होतं त्यायनं वाटून देल्लं. अन् मदिहा, स्वच्छ फ्रॉकवाली मदिहा, मध्यात बसून सगळ्यायले दाखवून राह्यली होती. तिच्या गल्लीतली सगळी पोरं तिलेच गुरू मानत. "असा नाय बे, बोट ओलं कर आधी. मग मध्यात घाल अन् गोल फिरव. घाई नको करू, नाहीतं चिरते."

संजीवनी दारात उभी. नाकाले पदर. पोटातला गोळा आता गळ्यात तंबू ठोकून बसला होता. अन् तिच्या डोळ्यासमोर काय होऊन राह्यलं होतं? हरिओम मोजून राह्यला होता. जून महिन्यापासून ज्या पोराले पाचाच्या पुढं नेता नेता तिच्या तोंडाले फेस आला, ते पोरगं म्हणून राह्यलं होतं, "अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. माह्या एका माळेपुरत्या झाल्या." सर्वात मोठी खाली, मग त्याच्याहून लहान, मग त्याच्याहून लहान, असं ओळीनं मांडेल. चौथ्या कोपऱ्यातल्या तक्त्यावर जे तिनं रंगीत कागद कापून कापून लिहिलं होतं, ते हा शेंबड्या शेणात करून बसला होता.

तिले कौतुक वाटलं असं समजू नका. तिले राग आला. आठ महिने म्या काय झक मारली, असं वाटलं तिले. अन् वास तं असा सुटला होता, की माश्यायनं आपल्या सगळ्या नातेवाइकायले आवतन देल्लं.

"हात धुवा रे सगळे," ती म्हणाली. पण आवाज निघाला नाही, कारण तोंड उघडलं असतं तं दुसरंच काही निघालं असतं.

तेवढ्यात फाटकात गाडी वाजली. दहाले येणारे भाऊ साडेनऊले आले.

हिंमतराव गाडीतून उतरले. पांढरा कडक सदरा, पांढरा पायजमा, बगळा उतरल्यासारखे. मागं फोटोवाला, बाजूले किसनराव सर, दोन्ही हात जोडेल, कमरेतून वाकेल. ओसरीपाशी आले अन् थबकले. काय चाललं हाये ते समजायच्या आधीच हरिओम उठला. त्याले वाटलं, पाहुणे आले, यायले पहिली चाकोली आपण द्यावी. पळत गेला. एका हातात चाकोली, अन् दुसऱ्या हातानं, त्या तसल्याच हातानं, त्यानं हिंमतरावाचं बोट धरलं.

"घ्या ना आबा. तुमच्या होळीले."

हिंमतरावाचं तोंड कसं झालं सांगू? ओठ खाली गेले, नाक वर गेलं, गळ्याची शीर उठली. "छी! छी छी छी!" हात असा झटकला, जसा काही इंचू चावला. "काय लावलं हे? शाळा आहे का गोठा आहे? कोणाचं गलिच्छ कार्टं आहे हे? पाणी आणा! साबण आणा!"

भिमाबाई पाण्याले पळाली. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला.

हरिओम काही रडला नाही. रडला असता तं बरं होतं. त्यानं आपला तळहात पाह्यला. पालथा करून पाह्यला. मंग शर्टाले पुसला, परत पाह्यला, परत पुसला. त्याले समजून राह्यलं नव्हतं की त्याच्यावर असं काय लागेल हाये, जे त्याले दिसत नाही. मंग त्यानं हात पाठीमागं नेला. अन् त्याचं पाहून सगळ्यायनं, पंचवीसच्या पंचवीस पोरायनं, आपापले हात पाठीमागं नेले. मदिहानं बी.

संजीवनी हिंमतरावाचं ते तोंड पाहून राह्यली होती. तिनं अकरा वर्सं ते तोंड आतून जगलं होतं, बाहेरून कधी पाह्यलं नव्हतं. हे असं दिसते? एवढं घाणेरडं दिसते ते? तिले हिंमतरावाची किळस आली. शेणाची येते तशी नोये. शेण निदान गरम होतं.

ती पुढं गेली, हरिओमसमोर उकिडवी बसली अन् हात पसरला. "दाखव. भोक मध्यातच पडलं का नाही?"

हरिओम हात काढेना.

"दाखव बाप्पा. मले पाहू दे."

त्यानं हळूच चाकोली तिच्या तळहातावर ठेवली. ओली, मऊ, अजून थोडी गरम. संजीवनीच्या डोळ्यातून पाणी आलं, ते कोणी मायेचं समजलं असन तं समजो, ते ओकारी दाबल्याचं होतं. अंगावर काटा आला, पायाची बोटं चपलीत वळली. पण तिनं चाकोली धरली, गोल फिरवून पाह्यली अन् म्हणाली, "एक बाजू जाड झाली. नीट कर. मदिहा, त्याले दाखव."

एकेक हात पाठीमागून पुढं आला.

भाऊ साबणानं हात धुऊन, कागदी पळसाजवळ दोन फोटो काढून, पोहे न खाताच निघून गेले.

किसनराव सर लालबुंद. "मॅडम, अहो काय केलंत हे? भाऊंसमोर तुम्ही शेणात हात घातला? चौथी गेली तुमची! गेली! सोमवारी त्यांच्या बंगल्यावर जा, माफी मागा. तुमच्यासाठी मी शब्द टाकतो. मागाल ना?"

"मागते ना सर," संजीवनी लगेच म्हणाली.

खरंच मागणार होती हो. खोटं काऊन बोलू! रविवारभर तिनं हात धुतले, लिंबू घासलं, राख लावली, तरी तिले वास येऊनच राह्यला होता. मंजुळाबाई म्हणे, "सुनबाई, सतरा वर्सं म्या तुले गोठ्यापासून वाचवलं अन् तू शाळेत जाऊन हात घालून आलीस?" अन् असी हसली, असी हसली, की तिले ठसका लागला. राम बिचारा पाठ थोपटत बसला मायची. संजीवनी मात्र मनात वाक्य घोकून राह्यली होती. भाऊ, चूक झाली. भाऊ, पुन्हा असं होणार नाही. चौथीसाठी ती दहा येळा माफी मागायले तयार होती.

सोमवारी शाळा सुटल्यावर गेली. हिंमतराव ओसरीत झोपाळ्यावर बसेल होते. तिले खुर्ची देल्ली, चहा आणला. भाऊनं आपला चहा बशीत ओतला अन् असा सुर्रकन ओढला, की मागच्या गोठ्यातली म्हैस कान टवकारून पाहू लागली असन. मिशीले साय लागली, ती जिभेनं पुसली. मंग गाडीच्या किल्लीनं कान कोरला, किल्लीचं टोक पाह्यलं, धोतराच्या सोग्याले पुसलं. मंग खाकरले अन् झोपाळ्यावरूनच तुळशीच्या कुंडीच्या बाजूले थुंकले. संजीवनी गोड गोड हसत बसली होती.

"चूक झाली भाऊ," ती म्हणाली.

"होतं असं," भाऊ मोठ्या मनानं म्हणाले. "तुम्ही चांगल्या बाई आहात. हसतमुख. चौथी तुम्हालाच देऊ. फक्त एक काम करा." त्यायनं एक कोरा कागद अन् पेन तिच्याकडं सरकवला. "शाळेचं नाव झालं पाहिजे आता. चिखलीहून लोकं मुलं पाठवतील आपल्याकडे. पण असली पोरं बसली असतील तर कोण पाठवेल? तुम्ही वर्गावर रोज असता, तुम्हाला माहीत आहे. ज्यांची ज्यांची किळस येते त्यांची नावं लिहून द्या. पुढच्या वर्षी त्यांना पहिलीत घेत नाही म्हणून सांगू, जागा भरल्या म्हणू. तो परवाचा शेंबडा पहिला लिहा."

संजीवनीनं पेन उचललं. खरंच उचललं. समोर कागद, पांढरा, कोरडा. त्याच्यापुढं चौथी. एक नाव लिहायचं, दोन नावं लिहायची.

कागदाकडं पाहता पाहता तिची जीभ टाळूवरून सुटली. काऊन सुटली, तिचं तिले माहीत. पण सुटली ती सुटलीच.

"भाऊ, मले सगळ्यायचीच येते," ती म्हणाली.

"काय?"

"किळस. सव्वीसच्या सव्वीस पोरायची येते. त्याच्यातून निवडू कोणाले? मदिहा पेन्सिल नाकात घालून मग तोंडात घालते. जुळे भाऊ हायेत, ते एकमेकायच्या खपल्या काढतात. हरिओमचं तुम्ही पाह्यलंच. अन् तुमचा सागर..."

"सागर?" हिंमतरावाची बशी हवेतच थांबली.

"सागर डब्यात थुंकते, भाऊ."

"काय बोलता बाई!"

"रोज. डबा उघडला की आधी थुंकते. म्हणजे बाकीच्यायनं भाजी मागू नये. मंग सावकाश बसून सगळं खाते. चमच्यानं हलवून." तिनं कागद परत सरकवला. "लिहायचंच म्हणसान तं पहिलं नाव त्याचं लिहावं लागीन. पण म्या त्याले कधी बोलली नाही. त्याच्यापुढं तोंड बी वाकडं केलं नाही. पाच वर्साचं हाये ते. पाच वर्साचं माणूस असंच असते. तुम्ही किती वर्साचे हायेत, भाऊ?"

आतून कोणीतरी बाई फिस्सकन हसली. सून असावी. हिंमतराव झटक्यानं उभे राह्यले, तं बशीतला चहा धोतरावर सांडला. संजीवनीनं चहाचा कप खाली ठेवला, त्याच्यावर साय धरेल होती, त्या सायीकडं एकदा पाह्यलं अन् शहारली. मंग चालू लागली.

एप्रिलात यादी लागली. चौथी, दीपमाला मॅडम. केजी टू, संजीवनी मॅडम. तिले काढून टाकलं नाही, कारण केजी घ्यायले दुसरं कोणी माणूस तयारच नोतं. सागरचं नाव उन्हाळ्यातच चिखलीच्या शाळेत टाकलं. हरिओमले पहिलीत जागा भेटली, भेटणारच होती. नावाची यादी कोणी देल्ली नाही, अन् पोराचं नाव विचारायले जायची भाऊले आता लाज वाटत असन.

यादी पाहून संजीवनी रडली. हो, चांगली हमसून हमसून रडली, भांडार खोलीत खडूच्या खोक्यावर बसून. भिमाबाई तिथी पाणी घेऊन गेली. या येळी हात धुवायले नोये, प्यायले.

"काऊन बोलल्या हो तुम्ही मॅडम?" ती म्हणाली. "दोन नावं लिहून देल्ली असती. नंतर म्हणलं असतं, चुकून लिहिली. चौथी भेटली असती ना."

"भेटली असती वं."

"मंग? आता बसा अजून बारा वर्सं शेंबूड पुसत."

"बसते." संजीवनीनं नाक पुसलं, पदरानं, अन् मग पदराकडं पाहून तिचं तोंड असं वाकडं झालं, की भिमाबाईले हसू आवरेना. "पण खरं सांगू का भिमाबाई? भाऊच्या ओसरीतून निघाली ना, तं इतकं हलकं वाटलं. उलटी झाल्यावर वाटते ना, तसं."

"तं?"

"तं काही नाही. पाणी आणा. हात धुवायले."